'उफ्' न म्हणण्याची जबाबदारी दोघांची

रोजा सोडण्याची वेळ जवळ आली की हिमायतनगरात घरोघरी दस्तरखान अंथरला जातो. खजूर, कापलेली फळे, भजी, सरबत, पाणी. आजोबा, वडील, नातू, आई, आजी, लेकी-सुना सगळे एकत्र बसतात. एरवी अकरा महिने याच घरातल्या माणसांच्या जेवणाच्या वेळा जुळत नाहीत. कुणी शेतातून उशिरा येतो, कुणी दुकान बंद करून, कुणी शिकवणीवरून. रमजानमध्ये मात्र मगरिबची अजान सर्वांसाठी एकच असते. तीन पिढ्यांना रोज एका जागी, एकाच मिनिटाला आणून बसवणारा असा दुसरा महिना नाही.

रोजा सुटतो, मगरिबची नमाज होते आणि घर पुन्हा जमते. तेव्हा त्या खोलीत कोण काय बोलते, याकडे एकदा नीट लक्ष द्यावे. "अभ्यास झाला का?" "तो मोबाइल ठेव आधी." "फजरला मशिदीत का दिसला नाहीस?" "आमच्या वेळी असे नव्हते." प्रश्न दोन, हुकूम एक, टोमणा एक, आणि उत्तरादाखल नुसते "हं". थोड्या वेळाने मुलगा उठून बाहेर जातो. वडील आईकडे बघून म्हणतात, "आजकालची मुले ऐकतच नाहीत." पलीकडच्या गल्लीत, जिथे रोजा नाही, त्या घरातही रात्रीच्या भाकरीबरोबर हेच वाक्य वाढलेले असते. गावात इतर बाबतीत कितीही मतभेद असोत, या तक्रारीवर सर्व जातीधर्मांच्या वडीलधाऱ्यांचे एकमत आहे.

मुले ऐकत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. पण त्या मुलांचे घरात कोण ऐकते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. रमजान हा आत्मपरीक्षणाचा महिना म्हणवतो. मग हा प्रश्न विचारायला याहून योग्य वेळ कोणती?

अर्धीच सांगितलेली शिकवण

पवित्र कुरआनातील एक आज्ञा जवळजवळ प्रत्येक मुस्लिम मुलाला पाठ असते. आई-वडील म्हातारे झाले तर त्यांना 'उफ्' एवढेही म्हणू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे, असे सतराव्या सूरहमध्ये सांगितले आहे. 'उफ्' म्हणजे कंटाळ्याचा, वैतागाचा उद्गार. मराठीत 'शी', 'हुं', 'काय कटकट आहे' म्हणतात तसा. तेवढाही नको, असे धर्म सांगतो. ही शिकवण मशिदीतल्या बयानात, मदरशात, घरात सतत सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी.

याच शब्दाची दुसरी बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा हजरत अनस हे दहा वर्षांचे होते. त्यांच्या आईने त्यांना प्रेषितांच्या सेवेत दिले. पुढे सुमारे दहा वर्षे, म्हणजे बालपण संपून तरुणपण येईपर्यंत, ते त्यांच्याबरोबर राहिले. मोठेपणी हजरत अनस यांनी सांगितले, की या सगळ्या वर्षांत प्रेषितांनी त्यांना कधी 'उफ्' म्हटले नाही. एखादे काम केले तर ते का केलेस आणि राहिले तर का केले नाहीस, असा जाबही कधी विचारला नाही. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही प्रमुख संग्रहांत ही नोंद आहे.

दहा ते वीस हे वय सांभाळायला सर्वांत अवघड, हे कोणतेही आई-वडील सांगतील. या वयातल्या मुलाच्या हातून कामे विसरतात, वस्तू फुटतात, सांगितलेले राहून जाते. हजरत अनस काही वेगळे नसावेत. तरीही दहा वर्षांत एकदाही 'उफ्' नाही. म्हणजे मुलाने आई-वडिलांना जो शब्द म्हणायचा नाही, तोच शब्द मोठ्यांच्या तोंडूनही मुलासाठी निघालेला नाही. आज घराघरांत पहिली अर्धी शिकवण मुलांना ऐकवली जाते आणि दुसरी अर्धी मोठ्यांच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. दोन पिढ्यांतला संवाद तुटतो तो बहुधा इथेच.

आधी मुलाच्या जगातले विचारा

हजरत अनस यांचा एक धाकटा भाऊ होता, अबू उमैर. त्याने एक छोटा पक्षी पाळला होता. तो पक्षी मेला. प्रेषित त्यांच्या घरी आले की त्या मुलाशी बोलत, आणि त्यांनी त्याच्या त्या पक्ष्याचीच विचारपूस केली. ज्यांच्या खांद्यावर साऱ्या समाजाची जबाबदारी होती, त्यांना एका लहान मुलाचा पक्षी लक्षात होता. मुलाशी बोलायचे तर त्याच्यासाठी जे मोलाचे आहे तिथून सुरुवात करावी, एवढा साधा धडा त्यात आहे. आजच्या मुलाचा पक्षी म्हणजे कदाचित त्याचा क्रिकेटचा संघ असेल, त्याने बनवलेली रील असेल, वर्गात दुरावलेला एखादा मित्र असेल. मोठ्यांना ते फालतू वाटते. मुलाच्या लेखी ते फालतू नसते.

दुसरा प्रसंग एका पेल्याचा आहे. प्रेषितांपुढे पेय आणले गेले. त्यांच्या उजव्या हाताला एक लहान मुलगा बसला होता आणि डाव्या हाताला वयाने मोठी माणसे. रीत अशी की पेला उजवीकडे द्यायचा. मोठ्यांना आधी देऊ का, अशी परवानगी त्यांनी त्या मुलाला विचारली. मुलाने स्पष्ट नकार दिला. त्यांच्या हातून मिळणारा आपला वाटा त्याला कुणालाही द्यायचा नव्हता. पेला त्या मुलाच्याच हातात दिला गेला. कुणी त्याला उद्धट म्हटले नाही. मुलाला विचारले, याचा अर्थ त्याला 'नाही' म्हणण्याचाही हक्क दिला. नुसते नावापुरते विचारून शेवटी आपलेच खरे करायचे, हे विचारणे नसते, हे या प्रसंगातून कळते.

बकरी ईद ज्या घटनेची आठवण आहे तिच्यातही हेच दिसते. हजरत इब्राहिम यांनी स्वप्नात मुलाची कुर्बानी देताना स्वतःला पाहिले. कुरआन सांगते, की त्यांनी ते स्वप्न मुलाला सांगितले आणि त्याचे मत विचारले. ईश्वराची आज्ञा असतानाही बापाने मुलाला विचारले. इथे दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायची की आयटीआय करायचे, हे मुलाला न विचारता ठरते. मुलीच्या बाबतीत तर शिक्षण थांबवणेही तिला न विचारता ठरते.

वाढोण्याचे आजोबा, हिमायतनगरचा नातू

या भागात पिढ्यांमधल्या अंतराला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. जुनी माणसे ज्याला आजही वाढोणा म्हणतात, त्या या गावात परमेश्वराचे मंदिर आहे, मशिदी आहेत, मराठीबरोबर दखनी कानावर पडते, तेलंगणाची सीमा जवळ असल्याने तेलुगू येते, तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. अनेक मुस्लिम घरांत आजोबा उर्दू वाचतात. नातू मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतो आणि त्याला उर्दू लिपी येत नाही. आजोबांच्या शेल्फातली पुस्तके नातवासाठी बंद आहेत आणि नातवाच्या फोनमधले जग आजोबांसाठी. दखनी बोलणे तेवढे दोघांना जोडते. त्यातही नातू निम्मे शब्द मराठी-इंग्रजीचे वापरतो आणि आजोबा चिडतात. तांड्यावरच्या आजीचा आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या तिच्या नातीचा अनुभवही वेगळा नाही.

पण मराठवाड्याला हे नवे आहे का? निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. 1918 साली हैदराबादेत सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. त्या काळात शिकलेले या भागातले अनेक हिंदू वकील, शिक्षक, कारकूनही उर्दू सराईतपणे लिहीत-वाचत. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. शाळेची आणि कचेरीची भाषा मराठी झाली. मुले वेगळ्या लिपीत शिकू लागली. बापाच्या सहीची लिपी एक आणि मुलाच्या सहीची दुसरी, अशी घरे तेव्हा हिंदूंचीही होती आणि मुसलमानांचीही.

आज आजोबा झालेली पिढी त्या बदलातूनच मोठी झाली. तेव्हा त्यांच्याकडे बघूनही कुणीतरी म्हटले असेल, की ही पोरे हातची गेली. ती हातची गेली नाहीत. त्यांनी शेती सांभाळली, दुकाने चालवली, शिक्षक झाली, घरे उभी केली. एवढे आठवले तरी नातवाकडे बघण्याची नजर थोडी मऊ होईल.

न बोललेल्या गोष्टींची किंमत

गेल्या काही वर्षांपासून रमजान आणि दहावी-बारावीच्या परीक्षा आसपास येत आहेत. सहरीला उठून अभ्यास, दिवसभर रोजा, पेपर, रात्री तरावीह. ज्यांना झेपते ती मुले आनंदाने करतात. एखाद्याला झेपत नाही. तो पेपरच्या दिवशी मित्राकडे काहीतरी खातो आणि घरी आल्यावर रोजा असल्याचे दाखवतो. रोज्याचा हिशेब अल्लाह आणि बंदा यांच्यातला. पण घराने त्या मुलाला काय शिकवले? खरे सांगितले तर ओरडा बसतो आणि खोटे बोलले तर शाबासकी मिळते, हे. खोटे बोलणे सोडायला शिकवणाऱ्या महिन्यातच तो खोटे बोलायला शिकला.

आज एक रोजा लपवणारा मुलगा उद्या मोठी गोष्ट लपवतो. लातूर किंवा नांदेडला नीटच्या शिकवणीला ठेवलेला मुलगा फोनवर रोज "सब ठीक है, अब्बा" म्हणतो. चाचणीत गुण घसरलेले असतात, खोलीवर जेवण जात नसते, रात्री झोप नसते. कुणाचे ऑनलाइन जुगारात पैसे गेलेले असतात. कुणाला पुढे शिकायचे असते आणि घरात लग्नाची बोलणी चाललेली असतात. बापाने त्या मुलासाठी सोयाबीनचे पैसे, प्रसंगी कर्ज काढून फी भरलेली असते, म्हणूनच त्याला खरे सांगणे अधिक अवघड होते. दोघांचेही एकमेकांवर प्रेम असते आणि दोघेही एकमेकांशी खरे बोलत नाहीत.

याची किंमत फार मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक, 1,764. 2025 च्या जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर, याच नांदेड जिल्ह्यातील एका शेतकरी घरात दहावीतला मुलगा आणि त्याच्यापाठोपाठ त्याचा बाप, दोघेही गेले. मोबाइलसारख्या मागणीची चर्चा झाली, कर्जाची झाली. अशा घटनेमागे कधीही एकच कारण नसते आणि त्या घराबद्दल न्यायनिवाडा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण त्या बातमीने जिल्ह्यातल्या प्रत्येक बापाची झोप उडाली असेल, तर त्याने सकाळी उठून आपल्या मुलाजवळ बसायला हवे होते. किती जण बसले?

मुलगा गप्प झाला असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. मदत मागण्यात ना धर्माला कमीपणा आहे, ना घराण्याला.

ऐकणे म्हणजे होकार देणे नव्हे

यावर मोठ्यांचा एक आक्षेप असतो आणि तो टाकाऊ नाही. "प्रत्येक गोष्ट ऐकत बसलो तर मुले डोक्यावर बसतील. चुकीला चूक म्हणायचेच नाही का?" म्हणायचे, नक्की म्हणायचे. कधी आणि कसे, एवढाच प्रश्न आहे.

हदीसमध्ये एका तरुणाची हकीकत आहे. तो भर सभेत प्रेषितांकडे आला आणि त्याने विवाहबाह्य संबंधाची परवानगी मागितली. इस्लाममध्ये हे मोठे पाप. लोक त्याच्यावर ओरडले, त्याला गप्प करू लागले. प्रेषितांनी त्याला जवळ बोलावले आणि बसवले. मग शांतपणे विचारले, की हेच कुणी तुझ्या आईच्या बाबतीत केले तर तुला आवडेल का? मुलीच्या? बहिणीच्या? आत्या-मावशीच्या? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला, आणि प्रत्येक वेळी त्याला सांगितले गेले, की लोकांनाही ते आवडत नाही. शेवटी त्याच्यावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. तो तरुण पुन्हा त्या वाटेकडे वळला नाही.

इथे पापाला परवानगी दिलेली नाही. नियम तसूभरही सैल केलेला नाही. फक्त ओरडणाऱ्यांनी त्या तरुणाला दूर लोटले होते आणि प्रेषितांनी जवळ बसवले. सभेत असा प्रश्न विचारण्याइतका त्याचा विश्वास होता, तो त्यांनी मोडला नाही. आज एखाद्या मुलाने असा प्रश्न घरात विचारला, तर त्याचे काय होईल? म्हणूनच तो घरात विचारत नाही. तो फोनला विचारतो, गल्लीतल्या टोळक्याला विचारतो, आणि तिथून मिळेल ते उत्तर घेतो.

हजरत लुकमान यांनी मुलाला केलेला उपदेश कुरआनात आहे. मुलाला ते मायेच्या शब्दाने हाक मारतात आणि मग श्रद्धा, नमाज, संयम, नम्र चाल असे सगळे सांगतात. शेवटचा सल्ला आवाजाचा आहे: आवाज खाली ठेवावा, कारण सर्वांत कर्कश आवाज गाढवाचा. मुलांना हा उपदेश वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनी तो आपल्या आवाजालाही लावून पाहावा.

तरुणांचाही वाटा

संवाद एकतर्फी तुटत नाही आणि एकतर्फी जुळतही नाही. "तुम्हाला नाही कळणार" हे तरुणांचे वाक्यही 'उफ्'चेच भावंड आहे. ज्या अब्बांनी कचेरीचे उंबरठे झिजवून, दहा माणसांशी बोलून संसार उभा केला, त्यांना एक ॲप समजणार नाही, हे कशावरून? आजोबांनी एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली, तर तिसऱ्यांदाही सांगावी. त्यांनी आपल्याला बोलायला शिकवताना किती वेळा सांगितले, याचा हिशेब ठेवलेला नाही.

लहानाने मोठ्याशी कसे बोलावे, याचा धडा या महाराष्ट्राच्या मातीतच आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून झोपडीत बसले. दाराबाहेर उभी होती भावंडांत सर्वांत धाकटी मुक्ताई. तिने रागावून दार ठोठावले नाही, की कंटाळून निघूनही गेली नाही. थोरल्या भावाचे मोठेपण त्यालाच आठवून देत ती विनवत राहिली, आणि ताटी उघडली. ते शब्द ताटीचे अभंग म्हणून मराठी घरांत आजही गायिले जातात. मोठी माणसेही रुसतात, दुखावतात, दार लावून घेतात. तेव्हा धाकट्यांनी दाराशी थांबायचे असते. आणि आतल्यांनी दार उघडायचे असते, हेही त्या कथेत आहे.

उरलेल्या रोज्यांत

रमजानच्या संध्याकाळी मगरिबनंतर तरावीहला निघेपर्यंत तास-दीड तास मिळतो. त्यातली पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. घरातले सगळे फोन एका कोनाड्यात ठेवावेत, आधी वडिलांचा, मग मुलाचा. गुण, नमाज आणि लग्न हे तीन विषय त्या वेळेपुरते बाजूला ठेवून एखादा साधा प्रश्न विचारावा: आज दिवसात काय चांगले झाले, काय जड गेले? उत्तर आले की लगेच सल्ला देऊ नये. पहिल्या दिवशी "काही नाही" एवढेच उत्तर येईल. पाचव्या दिवशी कदाचित एक वाक्य येईल. रोजा धरणाऱ्याला धीर शिकवावा लागत नाही.

चूक झाली असेल तर मुलाची माफी मागावी. मोठ्याने लहानाची माफी मागितली की त्याचे मोठेपण कमी होते, असे कुठल्याही धर्मग्रंथात नाही. बापाची चप्पल मुलाच्या पायात येऊ लागली की त्याला मित्रासारखे वागवावे, असे मराठी घरांत पूर्वापार म्हणतात. हिमायतनगरच्या कितीतरी उंबऱ्यांवर आज अशा चपलांचे दोन सारखे जोड पडलेले आहेत.

ईदच्या सकाळी नमाजनंतर सगळे गळाभेट घेतील, शीरखुर्म्याच्या वाट्या शेजारच्या हिंदू घरांत जातील, मुले ईदीसाठी मोठ्यांपुढे उभी राहतील. नोट द्यावीच. पण त्या दिवशी मुलाला जवळ बसवून तो बोलेल तेवढे, मध्ये न तोडता, ऐकून घेतले, तर ती ईदी त्याला जन्मभर पुरेल.